प्रवाळभित्तीवरील मोठ्या अपृष्ठवंशी प्राण्यांचे दीर्घकालीन निरीक्षण

उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तींवर राहणाऱ्या आणि नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतील एवढ्या आकारमानाच्या अपृष्ठवंशी (पाठीचा कणा नसलेल्या) प्राण्यांची ठराविक जागी, ठराविक पद्धतीने व ठराविक कालांतराने अनेक वर्षे मोजदाद करून त्यांच्या संख्येतील बदलांचा मागोवा घेण्याच्या कार्याला ही संज्ञा देतात. या प्राण्यांत मुख्यत्वे समुद्रकाकड्या, सागरी अर्चिन व तारामीन हे कंटकचर्मी प्राणी. महाकाय शिंपले, मोठे शंख व अष्टपाद हे मृदुकाय प्राणी. तसेच शेवंड, खेकडे व मोठ्या कोळंब्या हे कवचधारी प्राणी यांचा समावेश होतो. प्रवाळ हेही अपृष्ठवंशीच आहेत; परंतु ते तळाला चिकटून वसाहतीने वाढत असल्यामुळे त्यांची गणना नगांवर न करता त्यांनी तळाचा शेकडा किती भाग व्यापला आहे, यावरून करतात. दोन्ही मोजण्या बहुधा एकाच वेळी केल्या जातात, कारण एकीचा अर्थ दुसरीवाचून लागत नाही.

प्राण्यांचे कार्य : प्रवाळभित्ती ही सजीवांनी बांधलेली व सजीवांनीच टिकवून धरलेली रचना आहे [⟶ प्रवाळ]. तिच्यावरील मोठ्या अपृष्ठवंशी प्राण्यांची संख्या मासे व प्रवाळ यांच्या मानाने थोडी असली, तरी त्यांचे कार्य मोठे असते. सागरी अर्चिन खडकावरील शैवले खरवडून खातात. त्यामुळे प्रवाळांच्या डिंभांना (अळीसारख्या पूर्वावस्थांना) चिकटण्यासाठी मोकळी जागा मिळते. अर्चिन फार वाढले, तर खरवडण्याच्या क्रियेने भित्तीच झिजू लागते. फार घटले, तर शैवले प्रवाळांना झाकून टाकतात. समुद्रकाकड्या तळावरील वाळू गिळून तिच्यातील जैव पदार्थ पचवितात व स्वच्छ झालेली वाळू बाहेर टाकतात. ऑस्ट्रेलियातील हेरॉन बेटाच्या प्रवाळभित्तीसंबंधी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तेथील होलोथूरिया ॲट्रा या जातीच्या सुमारे ३० लाख समुद्रकाकड्या वर्षाला सुमारे ६४,००० टन वाळू उलथतात, असा अंदाज काढण्यात आला. शेतजमिनीत गांडुळे जे काम करतात, त्याच जातीचे हे काम आहे.

महाकाय शिंपल्यांच्या ऊतकांत सूक्ष्म शैवले सहजीवी म्हणून राहतात व सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करून त्याचा काही भाग शिंपल्याला पुरवितात. या गटातील सर्वांत मोठी जाती ट्रायडॅक्ना जायगस ही असून तिची लांबी १ मी.हून अधिक व वजन २०० किग्रॅ.च्या वर भरू शकते. शिंपले आपली अंडी व शुक्राणू पाण्यात सोडतात. शेजारचे शिंपले फार दूर असतील, तर अंड्यांचे फलनच होत नाही. म्हणून एखाद्या भित्तीवर काही शिंपले जिवंत दिसत असले, तरी त्यांची घनता एका मर्यादेखाली गेल्यास ती समष्टी प्रजोत्पादनाच्या दृष्टीने संपल्यासारखीच असते. समुद्रकाकड्यांनाही हेच लागू पडते. केवळ ‘प्राणी आढळतो’ अशी नोंद पुरेशी का नसते आणि क्षेत्रफळागणिक संख्या का मोजावी लागते, हे यावरून स्पष्ट होते.

दीर्घ मुदतीची आवश्यकता : यांपैकी बहुतेक प्राण्यांचे डिंभ काही दिवस ते काही आठवडे प्लवकांबरोबर वाहत जातात. प्रवाह, तापमान व अन्न अनुकूल असलेल्या वर्षी एखाद्या ठिकाणी असंख्य पिले स्थिरावतात, तर पुढील अनेक वर्षे जवळजवळ एकही स्थिरावत नाही. त्यामुळे त्यांच्या संख्येत मोठे चढउतार होणे हे नैसर्गिकच आहे. एखाद्या पट्ट्यात एका वर्षी २० व दुसऱ्या वर्षी १२ समुद्रकाकड्या सापडल्या असे समजले, तर ही घट शिकारीमुळे झाली, तापमानामुळे झाली की नेहमीच्या चढउताराचा भाग आहे, हे दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. असे दहावीस आकडे हाती आले, म्हणजे नेहमीच्या चढउताराची मर्यादा कळते आणि तिच्या बाहेर गेलेला आकडा वेगळा ओळखता येतो.

दुसरे कारण मानवी स्मरणाशी निगडित आहे. प्रत्येक पिढी आपण प्रथम पाहिलेल्या स्थितीलाच मूळची स्थिती समजते व तिच्यापासून झालेली घट तेवढी मोजते. मत्स्यविज्ञानातील ही प्रवृत्ती डॅन्येल पॉली यांनी १९९५ मध्ये ‘सरकती आधाररेषा’ या कल्पनेने मांडली. लेखी आकडे नसतील, तर वडिलांच्या काळी विपुल असलेला प्राणी मुलाच्या काळी दुर्मिळ व नातवाच्या काळी अपरिचित होतो आणि प्रत्येकाला झालेले नुकसान थोडेच वाटते.

कॅरिबियन समुद्रातील अर्चिनांचा नाश : निरीक्षणाचे महत्त्व ज्या घटनेने सर्वमान्य केले, ती घटना कॅरिबियन समुद्रात घडली. तेथील डायाडेमा अँटिलॅरम हा लांब काळ्या काट्यांचा अर्चिन इतका विपुल होता, की पोहणाऱ्यांना तो उपद्रवी वाटे. जानेवारी १९८३ मध्ये पनामाच्या किनाऱ्याजवळ तो मोठ्या प्रमाणावर मरू लागला. प्रवाहांबरोबर पसरत ही साथ सुमारे वर्षभरात जवळजवळ सर्व कॅरिबियन समुद्रात पोहोचली आणि बहुतेक ठिकाणी ९० टक्क्यांहून अधिक अर्चिन मेले. पनामा, क्यूरासाओ, जमेका इ. ठिकाणी साथीपूर्वीची मोजदाद उपलब्ध होती, म्हणूनच नुकसानीचे माप सांगता आले.

जमेकातील परिणाम विशेष गंभीर होता. तेथे शैवले खाणारे मासे अतिमासेमारीमुळे आधीच विरळ झाले होते व १९८० च्या ॲलन चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते. शैवलांना आवर घालणारा अर्चिन हाच एक प्राणी उरला होता. तो गेल्यानंतर शैवले वाढत गेली. १९७७ मध्ये तळाचा सुमारे ५२ टक्के भाग व्यापणारे प्रवाळ १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुमारे ३ टक्क्यांवर आले, तर मोठ्या शैवलांनी व्यापलेला भाग सुमारे ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेला. टेरेन्स ह्यूज यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या आकड्यांवरून, एकाच प्राण्यावर विसंबलेली परिसंस्था किती अस्थिर असते हे दिसून आले. १९८३ च्या साथीचा रोगकारक सापडला नाही. २०२२ मध्ये याच अर्चिनात पुन्हा साथ आली, तेव्हा मात्र नियमित निरीक्षण करणाऱ्यांच्या जाळ्यामुळे आजारी प्राण्यांचे नमुने वेळेवर मिळाले आणि पक्ष्माभिकायुक्त (केसासारखे सूक्ष्म अवयव असलेला) एकपेशीय जीव हे साथीचे कारण असल्याचे २०२३ मध्ये सिद्ध झाले.

ग्रेट बॅरिअर रीफ : संख्या घटल्याने होणाऱ्या हानीचे उदाहरण वर दिले आहे, संख्या वाढल्याने होणाऱ्या हानीचे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत मिळते. काटेरी मुकुट तारामीन या नावाने ओळखला जाणारा ॲकँथॅस्टर प्रजातीचा प्राणी आपले जठर तोंडावाटे बाहेर काढून प्रवाळावर पसरवितो व त्याचे मऊ ऊतक पचवितो; मागे पांढरा सांगाडा उरतो. एक मादी एका विणीच्या हंगामात कोट्यवधी अंडी घालू शकते. त्यामुळे विरळ असलेला हा प्राणी काही वर्षांत टोळधाडीसारखा वाढतो. केर्न्झजवळच्या ग्रीन बेटावर १९६२ मध्ये अशी पहिली नोंद झाली. त्यानंतर १९७९, १९९३ व २०१० च्या सुमारास नव्या लाटा आल्या. भक्षक असलेल्या ट्रायटन शंखांची व माशांची घट, तसेच नद्यांतून वाहत येणारी खतद्रव्ये व त्यांमुळे डिंभांना मिळणारे वाढीव अन्न, अशी याची कारणे सुचविली गेली आहेत. त्यांचे सापेक्ष महत्त्व किती, याविषयी अद्याप मतभेद आहेत.

टाउन्सव्हिल येथील ऑस्ट्रेलियन सागरी विज्ञान संस्थेने १९८५ पासून या भित्तीची नियमित पाहणी चालविली आहे. २१४ भित्तींवर केलेल्या २,२५८ पाहण्यांच्या आधारे २०१२ मध्ये असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की १९८५ ते २०१२ या काळात प्रवाळांनी व्यापलेला भाग सरासरी २८ टक्क्यांवरून १३.८ टक्क्यांवर आला. या हानीपैकी ४८ टक्के चक्रीवादळांमुळे, ४२ टक्के या तारामिनांमुळे व १० टक्के विवर्णनामुळे (उष्णतेने सहजीवी शैवले निघून जाऊन प्रवाळ पांढरे पडण्यामुळे) झाल्याचे आढळले. वादळे थांबविता येत नाहीत. तारामिनांचा बंदोबस्त मात्र करता येतो. पित्त-लवणे किंवा व्हिनेगार टोचून तारामीन मारण्याची मोहीम कोठे व केव्हा हाती घ्यावयाची, हे त्यामुळे मोजणीच्या आकड्यांवरून ठरविले जाते. याच मालिकेत २०२२ मध्ये उत्तर व मध्य भागांत प्रवाळांचे प्रमाण ३६ वर्षांतील सर्वाधिक नोंदले गेले आणि २०२४ च्या विवर्णनानंतर ते पुन्हा झपाट्याने घसरले. यांपैकी कोणतेही एकच वर्ष घेतले असते, तर भित्तीच्या स्थितीविषयी चुकीचे मत झाले असते.

पद्धती : प्राण्यांचा आकार, विपुलता व सवयी यांनुसार मोजणीच्या निरनिराळ्या पद्धती वापरतात. (१) पट्टा पद्धती : तळावर मापाची फीत अंथरून तिच्या दोन्ही बाजूंना ठराविक रुंदीपर्यंतचे प्राणी पाणबुड्या मोजतो. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या व १९९७ मध्ये पहिली जागतिक पाहणी केलेल्या ‘रीफ चेक’ या संस्थेच्या पद्धतीत २० मी. लांब व ५ मी. रुंद असे चार पट्टे एका रेषेत घेतात. प्रत्येक पट्टा १०० चौ. मी.चा असतो व दोन पट्ट्यांत अंतर सोडलेले असते. प्रशिक्षित स्वयंसेवकांनाही ओळखता येतील असे निवडक दर्शक प्राणी या पद्धतीत मोजतात. (२) ओढ पद्धती : पाण्याच्या पृष्ठभागावर फळीला धरून असलेल्या निरीक्षकाला नावेमागे संथ गतीने ओढत नेतात व दर दोन मिनिटांनी थांबून तो नोंद करतो. विस्तीर्ण भित्तीवरील काटेरी मुकुट तारामिनांसाठी ही पद्धत सोयीची असली, तरी कपारींतील प्राणी तीत दिसत नाहीत. (३) चौकट पद्धती : विपुल व लहान प्राण्यांसाठी ठराविक मापाची चौकट ठेवून तिच्या आतील प्राणी मोजतात. (४) ओहोटीच्या वेळची पायी पाहणी : कच्छच्या आखातासारख्या ठिकाणी उधाणाच्या ओहोटीला भित्तीचा माथा उघडा पडतो, तेथे चालत जाऊन मोजणी करता येते.

संख्येबरोबर आकारमानाचीही नोंद करतात. शिंपल्यांच्या कवचाची लांबी मापकाने मोजून लहानमोठ्यांचे प्रमाण काढले, म्हणजे नवी पिढी येत आहे की केवळ जुने प्राणी तग धरून आहेत, हे कळते. समुद्रकाकडीचे शरीर आकुंचन पावत असल्याने तिची लांबी विश्वसनीय नसते व तिला खूण बांधणेही कठीण जाते. शेवंड व अनेक अर्चिन दिवसा कपारींत लपून राहतात आणि रात्री बाहेर पडतात. म्हणून मोजणीची वेळ दरवर्षी तीच ठेवावी लागते. निरीक्षक बदलला, पाणी गढूळ असले किंवा पट्ट्याची जागा थोडी सरकली, तरी आकडा बदलतो. हा दोष टाळण्यासाठी तळावर कायम खुणा रोवणे, एकाच पट्ट्याची दोन निरीक्षकांकडून गणना करून घेणे व नव्या निरीक्षकास जुन्याबरोबर काही काळ काम करावयास लावणे हे उपाय योजतात. पद्धती सुधारावयाची झाल्यास जुनी व नवी पद्धती काही वर्षे एकाच वेळी चालवितात. अन्यथा आकड्यांची साखळी तुटते.

भारत : भारतात कच्छचे आखात, लक्षद्वीप, मानारचे आखात व पाल्कचा उपसागर, तसेच अंदमान व निकोबार ही प्रवाळभित्तींची चार प्रमुख क्षेत्रे आहेत. मानारच्या आखातातून वाळविलेल्या समुद्रकाकड्यांची निर्यात पूर्वापार होत असे. अतिशिकारीमुळे १९८२ मध्ये ७५ मिमी.हून लहान वाळविलेल्या मालाच्या निर्यातीस बंदी करण्यात आली. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या तुतिकोरिन येथील केंद्रात १९८८ मध्ये होलोथूरिया स्कॅब्रा या जातीचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले. २००१ मध्ये सर्व समुद्रकाकड्यांचा वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समावेश होऊन त्यांची शिकार पूर्णपणे बंद झाली. या बंदीने बुडी मारून समुद्रकाकड्या गोळा करणाऱ्या कुटुंबांचे उपजीविकेचे साधन गेले. संख्या पूर्ववत झाली असून बंदी उठवावी, ही मागणी तेव्हापासून होत आहे. दुसरीकडे चोरटी शिकारही चालू आहे. बंदीपूर्वी पट्टा पद्धतीने केलेली सलग मोजणी पुरेशी नसल्याने ‘पूर्ववत’ म्हणजे किती, याचे उभयपक्षी मान्य होईल असे उत्तर देणे कठीण होऊन बसले आहे. पापुआ न्यू गिनीत २००९ मध्ये अशीच बंदी घालण्यात आली व २०१७ मध्ये मर्यादित प्रमाणात उठविण्यात आली. असा निर्णय शास्त्रीय आधारावर घ्यावयाचा, तर बंदीच्या आधीचे व नंतरचे आकडे लागतात.

लक्षद्वीपमध्ये चेरियापानी भित्तीभोवतीचे २३९ चौ. किमी.चे क्षेत्र २०२० मध्ये समुद्रकाकड्यांसाठी संरक्षित करण्यात आले. अशा प्रकारचे हे जगातील पहिले क्षेत्र होय. याच द्वीपसमूहात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या मुंबईतील संस्थेचे दीपक आपटे व त्यांचे सहकारी यांनी ट्रायडॅक्ना मॅक्सिमा या महाकाय शिंपल्याच्या घनतेचे निरीक्षण केले व त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध केले. अगत्ती, कदमत व कवरत्ती येथे १९९८ च्या विवर्णनापासून चालू असलेल्या दुसऱ्या एका निरीक्षणमालिकेनुसार प्रवाळांचे प्रमाण १९९८ मधील सुमारे ३७ टक्क्यांवरून २०२२ मध्ये सुमारे १९ टक्क्यांवर आले. १९९८, २०१० व २०१६ या वर्षांतील उष्णतेच्या लाटांनंतर प्रवाळांना सावरण्यास पुरेसा अवधी मिळाला नाही.

महाराष्ट्र : कोकण किनाऱ्यावर मोठ्या प्रवाळभित्ती नाहीत. पावसाळ्यात नद्यांतून येणारा गाळ व गोडे पाणी त्यांच्या वाढीस प्रतिकूल असते. तथापि गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. झेड. कासिम व एम. व्ही. एम. वाफर यांनी १९७९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर रत्नागिरी, मालवण, रेडी इ. ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे नोंदविले. मालवण येथे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर पोराइट्स, टर्बिनेरिया इ. प्रजातींचे प्रवाळ आढळतात. तेथील २९.१२ चौ. किमी. क्षेत्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. उपजीविकेवर निर्बंध येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला. पुढे या भागात पर्यटकांसाठी पाण्याखालील सफरी वाढल्या. अशा सफरींतील पर्यटकांच्या स्पर्शाने व लाथांनी प्रवाळ मोडत असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविण्यात आले. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ ते २०१९ या काळात येथील प्रवाळांच्या वारंवार होणाऱ्या विवर्णनाचाही अभ्यास केला.

विजयदुर्गच्या पश्चिमेस १०० किमी.हून अधिक अंतरावर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘आंग्रिया बँक’ हा बुडालेला उंचवटा आहे. किनाऱ्यापासून दूर असल्याने तेथील पाणी स्वच्छ असून प्रवाळ व त्यांवरील प्राणी समृद्ध आहेत. मात्र त्याचा माथाही सुमारे २० मी. खोल असल्याने तेथील प्रत्येक पाहणीस जहाज, प्रशिक्षित पाणबुडे व शांत समुद्र यांची गरज लागते. मालवण येथे जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला व पाणी गढूळ असते. म्हणून मोजणी पावसाळ्यानंतरच्या महिन्यांतच शक्य होते.

कोकणातील मच्छीमारांना शेवंड, कालवे, तिसऱ्या, खेकडे यांचे हंगाम, जागा व आकार यांची पिढीजात माहिती असते. ही माहिती म्हणजे मोजणी नव्हे; परंतु पट्टे कोठे आखावेत व कोणत्या महिन्यात पाहणी करावी, हे ठरविताना ती उपयोगी पडते. अभयारण्यातील निर्बंधांमुळे प्राणी वाढले किंवा नाही, हा मच्छीमार व शासन या दोघांच्याही हिताचा प्रश्न आहे. निर्बंध असलेल्या व नसलेल्या खडकांवर एकाच पद्धतीने वर्षानुवर्षे मोजणी केली, तरच त्याचे उत्तर मिळू शकते.

मर्यादा व नवी साधने : मोजणीने बदल कळतो; त्याचे कारण आपोआप कळत नाही. त्यासाठी तापमान, लवणता, गाळ व मासेमारी यांच्या नोंदी बरोबरीने ठेवाव्या लागतात. दुर्मिळ प्राण्यांचे आकडे लहान असतात व बहुतेक पट्ट्यांत शून्य येते. अशा आकड्यांवरून निश्चित निष्कर्ष काढण्यासाठी पट्ट्यांची संख्या पुष्कळ वाढवावी लागते. चालकविरहित विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून उथळ पाण्यातील समुद्रकाकड्या मोजता येऊ लागल्या आहेत. पाण्यात विरघळलेल्या डीएनएवरून काटेरी मुकुट तारामिनांची चाहूल, ते नजरेस पडण्यापूर्वीच, लागू शकते. तथापि ही साधने पाणबुड्याच्या मोजणीची जागा घेत नाहीत, कारण जुन्या आकड्यांशी तुलना करण्यासाठी जुनीच पद्धत चालू ठेवावी लागते.

या कार्यातील सर्वांत मोठी अडचण यंत्रांची नसून सातत्याची आहे. संशोधनाचे अनुदान बहुधा तीन ते पाच वर्षांचे असते, तर महाकाय शिंपल्याचे आयुष्य अनेक दशकांचे असते. मालिका मध्येच खंडित झाली, तर ती नंतर भरून काढता येत नाही; न मोजलेले वर्ष पुन्हा मोजता येत नाही. म्हणून ज्या देशांत हे कार्य टिकले, तेथे ते एखाद्या संशोधकावर न सोपविता कायम स्वरूपाच्या संस्थेवर सोपविलेले आढळते. वेधशाळेत पावसाची नोंद ज्या नियमितपणे ठेवली जाते, त्याच नियमितपणाची अपेक्षा येथेही असते.